घुबडाचा कागद हातात धरून माळ्याचा उतारा म्हटल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
अध्ययन-अडचण मूल्यमापन कक्ष,
जुनी इमारत, दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताला.

अर्जदार : वजनकाटे दुरुस्त करणारा कारागीर, मुलीचा बाप.

विषय : माझ्या मुलीला वाचनाची कोणतीही अडचण नसल्याचा आपल्या कक्षाचा अहवाल रद्द होऊन तिची चाचणी पुन्हा घेतली जाणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचा अहवाल, निष्कर्ष ‘अडचण आढळली नाही’.
२) आपल्या कार्यालयाच्या बाकावर मी सहकुटुंब काढलेले चार दिवस.

महोदय,

१. माझी मुलगी आपल्या कक्षाच्या वाचनचाचणीत पास झाली आहे, ही माझी तक्रार आहे. आपल्याकडे दाद मागायला येणारे आईबाप बहुधा मूल नापास झाले म्हणून येत असतील. माझा अर्ज उलट्या दिशेने आला आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरी तो चुकून आला असे समजून परत पाठवू नये. खिडकी क्रमांक तीनवरील लिपिकांनी मला तसेच समजून एकदा परत पाठवलेले आहे, म्हणून ही विनंती आरंभीच करून ठेवतो.

२. मी वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानातले, दवाखान्यातले, गोदामातले, सगळे. अक्षर बरे आहे, कार्यालयीन भाषा मात्र शेजारच्या निवृत्त टंकलेखकांकडून उसनी घेतली आहे. ती मधेमधे सुटेल, त्याबद्दल क्षमस्व. मुलगी दहा वर्षांची असून पाचवीत शिकते. घरात तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणतात, कारण एकदा कानावर पडलेली गोष्ट ती जशीच्या तशी पुन्हा ऐकवते. बोलणाऱ्याच्या खोकल्यासकट ऐकवते. हे नाव मीच ठेवले आणि चार वर्षे पाहुण्यारावळ्यांसमोर कौतुकाने मिरवले. एवढे सगळे पाठ करण्याची गरज हिला का पडते, हे विचारायचे मात्र मला सुचले नाही. ही माझी चूक अर्जाच्या सुरुवातीलाच कबूल करतो, म्हणजे पुढे कार्यालयाची चूक दाखवताना मला संकोच वाटणार नाही.

३. हकीकत अशी. दरवर्षी नवी पुस्तके आली की मुलगी आईला म्हणायची, “आई, एकदा सगळं वाचून दाखव ना, तुझा आवाज छान आहे.” मुलीची आई शिवणकाम करते. ती मशीन बंद करून, आवाजाची स्तुती ऐकून खूश होऊन, पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवायची. आठवडाभरात मुलगी तेच पुस्तक घडाघडा वाचू लागायची. वर्गशिक्षकांचा शेरा चारही वर्षे एकच होता : ‘तोंडी उत्तम, लेखी निष्काळजी.’ मी शेऱ्याखाली सही करायचो आणि घरी येऊन निष्काळजीपणाबद्दल तिला बोलायचो. चांगले लागेल असे बोलायचो.

४. यंदा शाळेत एक विशेष शिक्षिका येऊ लागल्या आहेत. ज्या मुलांना वाचनलेखनाची अडचण असते, त्यांचा त्या वेगळा वर्ग घेतात. मुले त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणतो. बाईंनी मुलीला धडा वाचायला दिला. तिने तो वाचला. मग बाईंनी पुस्तकातले पुढचे कुठलेतरी पान उघडले, त्यावरच्या चित्रावर आपला तळहात ठेवला आणि तेही वाचायला सांगितले. मुलगी थांबली. मग म्हणाली, “बाई, हात काढा ना, मला नीट दिसत नाहीये.” बाईंनी हात काढला, चित्रात बैलगाडी होती, आणि मुलीने बैलगाडीचा धडा पहिल्या ओळीपासून म्हणायला सुरुवात केली. ते पान धड्याचे तिसरे होते.

बाईंनी मला बोलावून घेतले. त्या म्हणाल्या, “हिची बुद्धी तल्लख आहे. पण मला वाटतं, हिला डिस्लेक्सिया असावा. अक्षर आणि आवाज यांची गाठ पटकन बसत नाही. हा आळस नाही आणि कुणाचा दोषही नाही. वेगळ्या पद्धतीनं शिकवलं की जमतं.” आळस नाही, हे मी मुलांच्या एका छोट्या खुर्चीवर बसून ऐकले. बाईंच्या खोलीत अशा आठ खुर्च्या आहेत. सात भरल्या आहेत. आठवी त्यांनी भिंतीशी वळवून ठेवली आहे आणि या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत ती कोणाला देणार नाही, असा शब्द मला दिला आहे. पण आपल्या कक्षाच्या दाखल्याशिवाय त्या मुलीला तिथे बसवू शकत नाहीत. वार्षिक परीक्षेत प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती आणि वाढीव वेळ, हेही त्याच दाखल्यावर अवलंबून आहे. एकूण आमचे सगळे घोडे आपल्या दुसऱ्या मजल्यावर अडलेले आहे.

५. आपल्या कक्षात आम्ही चार वेळा आलो. पहिल्या वेळी परीक्षक साहेबांनी सकाळी पाचसहा मुले तपासली आणि मग त्यांना प्रशिक्षणाला जावे लागले. दुसऱ्या वेळी आमच्या आधीच्या मुलापर्यंत सर्व सुरळीत होते, तेवढ्यात वेळ मोजण्याचे घड्याळ बंद पडले. सेल आणायला गेलेले शिपाईकाका कार्यालयाची वेळ संपल्यावर सेल घेऊन आले. तिसऱ्या वेळी आमचा क्रमांक एकविसावा होता आणि वीस मुले झाल्यावर वेळ संपली. मी याबद्दल तक्रार करत नाही. माझ्याही दुकानात लोक ताटकळतात.

मात्र तपासणीच्या खोलीच्या दाराकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. त्या दाराची कडी तुटलेली असून ते मिटत नाही. शिपाईकाकांनी ते विटेच्या आधाराने अर्धे उघडे ठेवले आहे. बाक दाराला लागून आहे. त्यामुळे बाकावर बसलेल्या प्रत्येकाला आतले वाचन स्वच्छ ऐकू येते. आपल्या कक्षात अकरा वर्षे एकच प्रमाणित उतारा वापरात आहे, तो म्हणजे म्हातारा माळी. एका बागेतल्या खोलीत एक म्हातारा माळी राहत असे, तो रोज सकाळी झारी घेऊन एकशे अकरा झाडांना पाणी घालत असे, एकदा मालकांची टोपी विहिरीत पडली, इत्यादी. तीन दिवसांत आम्ही हा उतारा चौतीस मुलांच्या तोंडून ऐकला. कोणी झारीला अडले, कोणी विहिरीत. जिथे मूल अडे तिथे साहेब मायेने शब्द पुरवत. दुसऱ्या दिवशी घरी जाताना मला तो पाठ झाला होता. मुलीच्या आईला पाठ झाला होता. आमची धाकटी तीन वर्षांची आहे, ती अंघोळ करताना एकशे अकरा झाडांना पाणी घालू लागली होती.

मग रेडिओचे काय झाले असेल, हे महोदयांनी मनाशी ताडावे. चौतीस मुलांच्या अडखळण्यातून तिने एक सलग, स्वच्छ उतारा वेचून घेतला होता. तिने हे लबाडीने केले नाही. कान उघडे होते, उतारा आत गेला.

६. चौथ्या वेळी तिचा क्रमांक पहिलाच लागला. आणि नेमक्या त्याच सकाळी शिपाईकाकांनी माळ्याचा कागद बदलला. माळ्यावर चहा सांडला होता असे ते सांगतात. कपाटात नवीन उताऱ्यांचे बंद पाकीट पडून होते. त्यांनी ते फोडले आणि वरचा संच टेबलावर ठेवला. तो उतारा घुबडाविषयी होता. शिपाईकाकांनी हे कोणाला सांगितले नाही, कारण त्यांना कोणी विचारले नाही.

मुलीने घुबडाचा कागद दोन्ही हातांत धरला आणि माळ्याचा उतारा म्हटला. अठ्ठावन्न सेकंदांत, एकही चूक न करता, स्वल्पविरामाला थांबून. साहेबांचे डोळे घड्याळावर होते. ते तिथेच असायला हवेत, कारण वेळ तेच मोजतात. त्यांच्या कानांना अकरा वर्षांच्या सवयीचा माळी ऐकू आला आणि त्यांनी खुणा केल्या. त्यानंतर त्यांनी आकलनाचे पाच प्रश्न तोंडपाठ विचारले, मुलीने पाच उत्तरे तोंडपाठ दिली, आणि साहेबांनी ती उत्तरे समोरच्या छापील कागदावर लिहून घेतली. छापील कागद नव्या संचातला होता. अहवालासोबत तो आम्हाला घरी मिळाला. त्याची नक्कल खाली देतो, प्रत्येक उत्तरापुढे साहेबांची बरोबरची खूण आहे.

प्रश्न : घुबड कोठे राहते? उत्तर : बागेतल्या खोलीत.
प्रश्न : घुबड शिकार कशी करते? उत्तर : रोज सकाळी, झारी घेऊन.
प्रश्न : घुबडाला मान किती वळवता येते? उत्तर : एकशे अकरा.
प्रश्न : घुबड काय खाते? उत्तर : मालकांची टोपी.
प्रश्न : घुबडाचा माणसाला काय उपयोग होतो? उत्तर : त्याने विहिरीवर झाकण बसवले.

आकलन पाचपैकी पाच. अचूकता शंभर टक्के. वेग वयाच्या मानाने उत्तम. पहिली पायरी इतक्या झोकात ओलांडल्यामुळे शब्दओळख आणि लेखन या पुढच्या चाचण्या घेण्याची गरज नाही, असाही शेरा आहे. निष्कर्ष ‘अडचण आढळली नाही’.

७. पाकीट मुलीच्या आईने फोडले. तिने घुबडाचा उतारा वाचला, पान उलटून पाहिले, पाकीट झटकले आणि मला विचारले, “अहो, माळी कुठे गेला?” मग आम्ही प्रश्नोत्तरे वाचली. खरे सांगतो, आधी आम्ही दोघे पोट धरून हसलो. मालकांच्या टोपीपाशी तिला बसावे लागले. नंतर निष्कर्ष वाचला आणि हसू गेले.

माझ्या धंद्यात असा एक काटा मला माहीत आहे. त्याच्यावर काहीही ठेवा, काही न ठेवा, तो एक किलोच दाखवतो. गिऱ्हाईक अशा काट्यावर फार दिवस समाधानी असते, कारण तो कधी चुकल्यासारखा वाटतच नाही. त्याला पकडायला एकच उपाय असतो. ज्याचे वजन आपल्याला आधीच पक्के ठाऊक आहे असे वजन त्यावर ठेवायचे. या प्रकरणात ते वजन घुबडाने पुरवले आहे.

८. अहवाल घेऊन मी कार्यालयात आलो. खिडकी तीनवरील लिपिकांनी मला फेरचाचणीचा नमुना दिला. त्यात कारणाच्या रकान्यात एकच पर्याय छापलेला आहे : ‘निकाल असमाधानकारक’. माझ्या मुलीचा निकाल अत्यंत समाधानकारक असल्यामुळे तो नमुना मला भरता येत नाही, असे त्यांनी मला समजावले. मी म्हणालो, मला तो असमाधानकारक वाटतो. ते म्हणाले, वाटून चालत नाही, गुण बघावे लागतात. शिवाय नापास झालेल्याला फेरचाचणी एका महिन्याने मिळते, पास झालेल्यासाठी मुदतच ठरलेली नाही, कारण तसा कोणी आलेला नाही. त्यांनी मला एक चांगला सल्लाही दिला : “काका, पास झालीय ना? पेढे वाटा की.” त्यांचा हेतू वाईट नव्हता.

नंतर मी परीक्षक साहेबांना भेटलो. ते प्रथम थोडे रागावले. म्हणाले, “अकरा वर्षं हेच काम करतोय. मुलगी उत्तम वाचते. माझ्या कानांवर तुमचा विश्वास नाही का?” मी म्हणालो, साहेब, आमचा सगळा विश्वास तुमच्या कानांवरच आहे, अडचण तिथेच झाली. मग मी घुबडाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि तो शांतपणे शेवटपर्यंत वाचला. मला वाटते, तो उतारा आपल्या कार्यालयात त्या दिवशी पहिल्यांदाच वाचला गेला. त्यांनी आपल्याच अक्षरातली उत्तरे वाचली. टोपीपाशी तेही थोडे हलले. मग म्हणाले, “हा उतारा कधी आला?” आणि नंतर, अगदी हळू, “लेखी द्या. मी अडवणार नाही.” म्हणून हा अर्ज. साहेबांवर कोणतीही कारवाई होऊ नये, अशी माझी स्पष्ट विनंती आहे. एकच उतारा अकरा वर्षे ऐकून कोणाचेही कान तसेच होतील.

९. या ठिकाणी माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे, नाहीतर मी फक्त दुसऱ्यांच्या चुका मोजतो असे दिसेल. आपल्या व्हरांड्यात मुलांचे वजन घेण्याचा काटा आहे. तिसऱ्या भेटीत बसून बसून माझे त्याच्याकडे लक्ष गेले. तो दोन किलो जास्त दाखवत होता. मला राहवले नाही. खिशात पेचकस होता. खालचा स्क्रू पाऊण फेरा फिरवून मी तो बरोबर केला. परिणामी चौथ्या भेटीत माझ्या मुलीसह सर्व मुलांचे वजन दोन किलोंनी घटलेले आढळले आणि त्या दिवशी आलेल्या सर्व पालकांना मुलांच्या आहाराकडे लक्ष देण्याची सूचना गेली. आमच्या अहवालाच्या पहिल्या पानावरही ती आहे. एक बाई तर बाकावरच मुलाला केळी भरवू लागल्या होत्या. ही मुले खंगलेली नाहीत, काटा सुधारलेला आहे. शासकीय वस्तूला परवानगीशिवाय हात लावला, याबद्दल मी लेखी दिलगिरी व्यक्त करतो. स्क्रू मात्र परत फिरवू नये.

१०. आता जे लिहायचे आहे ते कार्यालयीन भाषेत लिहिण्याचा मी तीन वेळा प्रयत्न केला. जमले नाही. टंकलेखकही म्हणाले, हे तुमच्याच भाषेत राहू द्या.

चाचणी झाली त्या दिवशी मुलगी खोलीतून बाहेर आली ती उड्या मारतच. कागद समोर ठेवून घेतलेल्या परीक्षेत पास होण्याची तिची ही आयुष्यातली पहिली वेळ होती. अहवाल घरी आला तेव्हा आम्ही दोघे प्रश्नोत्तरे वाचत असताना तिने मुखपृष्ठ काढून नेले आणि शिवणाच्या मशीनवरच्या भिंतीला चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून चिकटवले. त्यावर काय लिहिले आहे ते तिला वाचता येत नव्हते. पण साहेबांची हिरवी सही होती आणि शिक्का होता. आजवर तिच्या कागदांवर फक्त लाल शाई आली होती. कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती ते दाखवू लागली.

आणि मग तिच्या बापाने तिला सांगितले की, हे चुकीचे आहे आणि मी तक्रार करणार आहे. तिने चिकटपट्टीचा सुटलेला कोपरा दाबला. म्हणाली, “नापास झाले तेव्हा तुम्ही रागावलात. आता पास झाले तर तक्रार करताय.” एवढेच म्हणून ती आत गेली.  दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. रेडिओ बंद असलेले घर कसे असते ते त्या दोन दिवसांत आम्हाला कळले. धाकटीनेही अंघोळीत झाडांना पाणी घालणे थांबवले. मी अर्ज फाडून टाकायला निघालो होतो. एवढा आनंद झालाय तर राहू दे म्हटले, शिक्का तर खरा आहे. पण मग तीस तारीख आठवायची, आणि भिंतीशी वळवलेली ती खुर्ची.

तिसऱ्या दिवशी ती आपणहून माझ्या दुकानात आली. मी एका जुन्या काट्याचे पारडे पुसत होतो. तिने घुबडाचा कागद आणला होता. म्हणाली, “बाबा, हे काय लिहिलंय ते मी बघते.” तीन ओळींना तिला सहा मिनिटे लागली. मी मधे बोललो नाही, शब्दही पुरवला नाही. कपाळावर घाम आला तिच्या. मग तिने कागद खाली ठेवला आणि म्हणाली, “सगळे विचारतात, अक्षरं नाचतात का. नाचत नाहीत. लग्नात भेटलेल्या लोकांसारखी असतात. ओळखीची वाटतात, पण नाव आठवत नाही, आणि आठवेपर्यंत ती पुढं निघून गेलेली असतात.” मग तिने मला बाकीचेही सांगितले. ती बस रंगावरून आणि चालकाच्या मिशीवरून ओळखते. औषधाची बाटली वासावरून. वर्गात तिची पाळी कितव्या परिच्छेदाला येणार ते आधी मोजते आणि मैत्रिणीकडून तेवढाच वाचून घेते. चार वर्षे ती हे काम एकटीने करत होती, आणि आम्हाला ते दिसू नये हे आणखी एक काम करत होती. मी बाप असून मला ते दिसले नाही. मी माफी मागितली. तिने ती लगेच दिली नाही, पण जाताना माझा डबा धुवायला घेऊन गेली.

११. सबब माझ्या विनंत्या पुढीलप्रमाणे आहेत. मूळ अहवाल रद्द करून मुलीची संपूर्ण चाचणी तीस तारखेच्या आत व्हावी. निर्णयाला वेळ लागणार असल्यास आठवी खुर्ची तोवर राखून ठेवण्याबाबत शाळेला चार ओळींचे पत्र जावे. दाराला नवी कडी बसवण्याची मला परवानगी मिळावी. मी माझी हत्यारे घेऊन येईन, अर्ध्या तासाचे काम आहे, आणि या वेळी आधी विचारतो आहे.

उताऱ्याबद्दल एक अडचण आहे. माळी तर बादच समजावा. पण मुलीच्या आईने संतापाच्या भरात घुबडाचा उतारा शेजारणींना मोठ्याने दोनदा वाचून दाखवला आणि मुलगी तेव्हा बटणे लावत बसली होती. त्यामुळे घुबडही गेले. पाकिटात तिसरा उतारा असल्यास तो कार्यालयात कोणीही मोठ्याने वाचू नये. हा अर्ज तर उतारा म्हणून मुळीच चालणार नाही. मी तो लिहिताना वाचून पाहत होतो, आणि काल तिने परिच्छेद तीन माझ्या शेऱ्यासकट मला ऐकवला. ‘चांगले लागेल असे बोलायचो’ हे वाक्य तिनेच घालायला लावले आहे.

आणखी एक विनंती मुलीच्या वतीने करतो. भिंतीवरचा कागद ती परत द्यायला तयार आहे, पण तिची अट आहे. तिने चौतीस मुलांकडून ऐकून अख्खा उतारा एका चुकीशिवाय उभा केला, हे नव्या अहवालात कुठेतरी लिहून मिळावे, आणि त्यापुढे साहेबांची हिरवी सही असावी. नमुन्यात असा रकाना नाही, हे मला माहीत आहे. लिपिकांनी ते आधीच सांगितले आहे. समासात लिहिले तरी चालेल.

१२. काल अर्ज पुरा झाल्यावर मी मुलीला विचारले, साहेबांना आणखी काही कळवायचे आहे का.  मग म्हणाली, “त्यांना सांगा, मला अडखळायला होईल. खूप वेळ लागेल. पण या वेळी दोघांनीही कागदाकडे बघायचं.”

तिच्या म्हणण्यात मला भर घालायची नाही. आपल्या उत्तराची वाट तिघेजण पाहत आहोत, आणि एक खुर्ची.

आपला नम्र,
(सही)
मुलीचा बाप

दिनांक : ११, मंगळवार

सोबत :
१. अहवालाची पाने, मुखपृष्ठ वगळून. मुखपृष्ठ भिंतीवर आहे, अट मान्य झाल्यावर सादर करू.
२. घुबडाचा उतारा व प्रश्नोत्तरे, मूळ प्रत.
३. माळ्याचा उतारा. मी आठवून लिहिला आहे, त्यातल्या दोन चुका मुलीने ऐकून सुधारल्या.
४. विशेष शिक्षिका बाईंचे पत्र.
५. बाकावरील चार दिवसांचे चार क्रमांक.
६. मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेली एक ओळ. कोणी सांगितलेली नाही, पाठ केलेली नाही, नऊ मिनिटे लागली. चुका तशाच ठेवल्या आहेत. कृपया लाल शाईने दुरुस्त करू नयेत.